चक्रवात-विभाजक आणि न दिसणारी धूळ

नायगावला धुराडी नवी नाहीत. कापडगिरण्यांची धुराडी थंडावली. पूर्वेस, शिवडीच्या खाडीपलीकडे, माहूलचे तेलशुद्धीकरण कारखाने मात्र १९५४-५५ पासून चालू आहेत.

जड तेलापासून पेट्रोल काढताना तेथे उत्प्रेरकाची बारीक पूड वापरली जाते. पुडीवर साचलेला कोळसा जाळला की निघणारा वायू तिचे कण सोबत घेऊन वर चढतो. चक्रवात-विभाजकात हा वायू बाजूने वेगाने शिरून गरगर फिरतो. जड कण भिंतीवर आपटून खालच्या शंकूत उतरतात, वायू मधल्या नळीने वर निघून जातो. आत फिरणारा एकही भाग नसल्याने सुमारे ७०० अंश सेल्सिअस उष्णतेतही हे साधन टिकते.

मात्र त्यालाही मर्यादा आहे. १० मायक्रॉनहून मोठे कण सहज सापडतात, २.५ मायक्रॉनहून लहान कण बरेचसे निसटतात, आणि फुप्फुसांत खोलवर पोचतात ते हेच. त्यांच्यासाठी पुढे विद्युतभाराने कण ओढून घेणारी यंत्रणा लागते. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार हवेत अशा कणांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी.

तेव्हा धुराडे स्वच्छ दिसते, एवढ्यावर समाधान मानू नये. शिक्षकांनी व लोकप्रतिनिधींनी मोजमापाचे आकडे मागावेत. न दिसणाऱ्या धुळीचा हिशेब आकड्यांनीच लागतो.