शंभरात पाऊण गुण



मी कला शाखेचा पदवीधर, बँकेतील कारकून. विज्ञानावर अधिकाराने बोलू शकत नाही. जे वाचून समजले तेवढे आपल्यापुढे ठेवतो.

सन १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ब्रायन ओरेगन आणि मायकेल ग्रेट्झेल यांनी एक स्वस्त सौरघट सिद्ध केला. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांवर त्यांनी रंगद्रव्य चढवले. प्रकाश पडताच रंगाचा रेणू एक इलेक्ट्रॉन त्या कणांना देतो; आयोडाइडचा द्रव त्याची भरपाई करतो. कार्यक्षमता सात टक्क्यांपर्यंत गेली.

परंतु द्रव म्हटला की गळती आलीच. म्हणून १९९८ मध्ये उडो बाख व सहकाऱ्यांनी द्रवाऐवजी ‘स्पायरो-ओमेटॅड’ हा घन पदार्थ भरला. निकाल लागला ०.७४ टक्के. विद्यार्थी मित्रहो, शंभरात पाऊण गुण!

असे का झाले? घन पदार्थ खोल छिद्रांत नीट उतरत नाही. शिवाय दिलेला इलेक्ट्रॉन वाटेतच परत फिरतो. जमा झालेली रक्कम खात्यात पोचण्यापूर्वीच निघून जावी तसे. म्हणून थर दोन मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे फार पातळ ठेवावा लागतो. पातळ थरात रंग कमी मावतो आणि बराच प्रकाश आरपार जातो.

यावर उपाय एकच, प्रत्येक रेणूने जास्त प्रकाश शोषला पाहिजे. रुथेनियम धातूचे जुने रंग येथे कमी पडले. तेव्हा रसायनतज्ज्ञांनी तीन भागांचे सेंद्रिय रेणू बांधले. एक टोक इलेक्ट्रॉन देणारे, मध्ये पूल, आणि दुसरे टोक इलेक्ट्रॉन ओढून कणाला घट्ट धरणारे. कडेला कार्बनच्या लांब साखळ्या जोडल्या. त्या घन पदार्थाला कणापासून दूर ठेवतात आणि परतीची वाट अडवतात. पूल लांबवला तर तांबडा प्रकाशही शोषला जातो. मात्र तो अति लांबवला तर इलेक्ट्रॉन पुढे ढकलण्याइतकी ऊर्जा उरत नाही. म्हणजे रंग नुसता गडद असून भागत नाही.

अशा सेंद्रिय रंगाने आणि सुधारलेल्या स्पायरोने २०११ मध्ये सात टक्के ओलांडले. पुढच्याच वर्षी रंगाच्या जागी पेरोव्हस्काइट आले आणि त्याच घन पदार्थासह नऊ टक्क्यांच्या पुढे गेले. रंग मागे पडला, पण त्याने तयार केलेली वाट कामी आली.

पाऊण टक्क्यावर ती माणसे थांबली असती तर? पहिला निकाल पाहून वही मिटू नका, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.