हाड घडताना काय मोडते?

पोटातल्या बाळाचे हाड कसे तयार होते, असे विचारले तर आपण म्हणतो, कॅल्शियम साठते आणि हाड कडक होते. ते खरेच, पण अर्धे. हातापायांची लांब हाडे सुरुवातीला हाडे नसतातच. तिथे असते कूर्चा, नाकाच्या शेंड्याला बोट लावले की जाणवते तशी लवचिक. साधारण आठव्या आठवड्यापासून ती मोडू लागते आणि तिच्या जागी हाड येते. मला बोलायचे आहे ते या मोडण्याविषयी.

कूर्चेला आकार देते कोलॅजेन हे प्रथिन. तीन धाग्यांचा पीळ घातलेला जणू दोरच. हा पीळ मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५५च्या सुमारास उलगडून दाखवला, याचा मला फार अभिमान वाटतो. साध्या पाचक विकरांना, म्हणजे एन्झाइमना, हा दोर दाद देत नाही. मग शरीर तो तोडते कसा?

उत्तर सापडले बेडूकमाशाच्या शेपटीत! बेडूक होताना ती गळून पडत नाही, जागच्या जागी विरते. १९६२ साली जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी शेपटीचे जिवंत तुकडे कोलॅजेनच्या थरावर ठेवले, तर तुकड्यांभोवतीचा थर विरघळून गेला. जिवंत पेशींनीच सोडलेले ते विकर, कोलॅजनेज. ते दोर कुरतडत बसत नाही. ठरलेल्या एकाच जागी घाव घालते. एका बाजूला पाऊण दोर उरतो, दुसऱ्या बाजूला पाव. मग शरीराच्या उबेत पीळ आपसूक सुटतो.

गर्भातही हेच घडते. कूर्चेतल्या पेशी फुगतात आणि 'एमएमपी-१३' हे कोलॅजनेज सोडतात. 'एमएमपी-९' त्याच्या जोडीला असते. वाट मोकळी झाली की रक्तवाहिन्या आत शिरतात आणि त्यांच्यामागोमाग हाड बांधणाऱ्या पेशी. ज्या उंदरांत ही दोन्ही विकरे बनतच नव्हती, त्यांच्यात कूर्चा साचून राहिली आणि हाडे आखूड झाली. माणसातही एमएमपी-१३च्या जनुकात दोष असला, तर हाडांची वाढ बिघडते.

अर्थात हे हत्यार मोकाट सोडलेले नाही. विकर पेशीबाहेर येते ते निद्रिस्त रूपात, आणि त्याला आवरणारी प्रथिने आसपास असतातच. हा आवर सुटला की काय होते, ते म्हातारपणी गुडघ्यात दिसते. तिथली कूर्चा झिजवण्यात हेच एमएमपी-१३ सामील असते.