आठ पंचे चाळीस

(नसरापूर येथे वाड्यापाड्यांतल्या वनहक्क दावेदारांच्या बैठकीत आमच्या रात्रवर्गाच्या वतीने केलेले भाषण. ज्यांना येता आले नाही त्यांच्यासाठी इथे छापत आहोत. ज्याला वाचता येते त्याने वाडीवर मोठ्याने वाचून दाखवावे.)



आम्ही भाषण करणारी माणसं नाही. भोर-वेल्ह्याच्या डोंगरकडेला राहणारी, पावसाळ्यात नाचणी-वरई करणारी, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी माणसं. रात्री कंदिलाशी बसून आम्ही पाढे शिकलो. त्या पाढ्यांनी काय झालं, एवढंच सांगायला उभे राहिलो आहोत.

पहिल्या रात्री आमच्यातले निम्मे लोक म्हणाले, आता या वयात बे एके बे करून काय मिळणार? तेव्हा शिकवणाऱ्या पोरीनं विचारलं, "मामा, भट्टीवर विटा कशा मोजता?" मामा म्हणाले, "एका रांगेत पंचवीस थापायच्या. अशा चाळीस रांगा झाल्या की हजार." पोरगी म्हणाली, "मग तुम्हाला गुणाकार येतोच की! पंचवीस गुणिले चाळीस, हजार." खरंच होतं ते. आमच्या म्हाताऱ्या विसाविसानं मोजतात, तीन ईसा म्हणजे साठ. तोही गुणाकारच. म्हणजे डोक्यात होतं, फक्त कागदावर नव्हतं. आणि कागदावर नव्हतं म्हणून दुसरा कोणीही येऊन आपल्याला आकडा सांगून जायचा.

आता जमिनीचं बोलू.

आपण जमीन कशी सांगतो? "त्या आंब्यापासून ओढ्यापर्यंत." नाहीतर, "बांधावरनं फिरलं तर शंभर पावलं." यात एक फसवणूक आहे, ती नीट ऐका. एक तुकडा चाळीस पावलं लांब आणि दहा पावलं रुंद. त्याच्या कडेनं फिरलात तर शंभर पावलं. दुसरा तुकडा पंचवीस लांब, पंचवीस रुंद. त्याच्याही कडेनं शंभरच पावलं. दोन्ही सारखे वाटतात. पण पहिल्यात चौरस भरतात ४० गुणिले १०, म्हणजे ४००. दुसऱ्यात २५ गुणिले २५, म्हणजे ६२५. कुंपण सारखं, जमीन दीडपटीहून जास्त! म्हणून कडेनं फिरून जमीन कळत नाही. लांबीला रुंदीनं गुणावं लागतं. थापलेल्या विटांसारखंच आहे हे, एका रांगेत किती आणि रांगा किती.

हे मोजमाप आपल्याकडं नवीन नाही. इंग्रजांनी मुंबई इलाख्यातली नवी जमीनमोजणी आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, १८३५ च्या सुमारास सुरू केली. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, झाला एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. पुढं १८७८ च्या कायद्यानं जंगलं राखीव होत गेली. साखळी त्यांच्या हातात होती, वही त्यांच्या हातात होती. आपले आजेपणजे नुसते बघत उभे राहिले.

आता २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्यात जागेवर जाऊन पडताळणी करण्याचं काम ग्रामसभेच्या वनहक्क समितीचं आहे, म्हणजे आपलं. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी वनजमीन आपण प्रत्यक्ष कसतो, तेवढी मिळते, चार हेक्टरपेक्षा जास्त नाही. नवराबायको असतील तर हक्क दोघांच्या नावे. आपल्या शेजारचे जे आदिवासी नाहीत पण पिढ्यान्‌पिढ्या वनातच राहतात, त्यांना तीन पिढ्या दाखवाव्या लागतात. कायद्यात एक पिढी २५ वर्षांची. पंचवीस त्रिक पंच्याहत्तर. बघा, कायद्यातसुद्धा पाढा आहे.

आम्ही केलं ते असं. दहा मीटरची दोरी घेतली. दर मीटरला एक गाठ. दोरी ताणून सुताराच्या टेपेनं तपासली, कारण दोरी ओली झाली किंवा ओढून ओढून सैल झाली की खोटं बोलते. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद म्हणजे शंभर चौरस मीटर. त्याला एक आर म्हणतात. आपल्या गुंठ्याच्या जवळपास तेवढाच. शंभर आरांचा एक हेक्टर. म्हणून लांबीच्या दोऱ्या गुणिले रुंदीच्या दोऱ्या, की लगेच आर निघतात. वीस दोऱ्या लांब, वीस दोऱ्या रुंद म्हणजे ४०० आर, कायद्यातले चार हेक्टर.

वर गाठी उरल्या तर? सात दोऱ्या चार गाठी म्हणजे ७४ मीटर. पाच दोऱ्या दोन गाठी म्हणजे ५२ मीटर. ७४ ला ५० नं गुणा, ३७००. मग ७४ ला २ नं गुणा, १४८. बेरीज ३८४८ चौरस मीटर. शेवटचे दोन आकडे बाजूला ठेवा. ३८ आर आणि वर ४८ चौरस मीटर.

उतारावर दोरी जमिनीला चिकटवून धरू नका. सरकारी नकाशात आडवं माप धरतात. दोरी आडवी, पाण्याच्या पातळीसारखी धरा आणि जमिनीपासून अधांतरी राहिलेल्या टोकाला दोरा बांधून दगड सोडा. दगड पडेल तिथं खूण. उतार जास्त असेल तर अर्ध्या अर्ध्या दोरीनं उतरा. असं केलं नाही तर आपलं माप जास्त येतं, मग तपासणीत आपल्यालाच खोटं ठरवतात.

आणि आपली शेतं काही पाटीसारखी चौकोनी नसतात. आमच्या एका मावशीचा तुकडा वरच्या बाजूला सहा दोऱ्या, खालच्या बाजूला चार दोऱ्या, मधलं अंतर आठ दोऱ्या. आम्ही त्याचे दोन भाग केले. चार बाय आठचा सरळ तुकडा, ३२ आर. उरला तिकोनी तुकडा, तळाला दोन, उंचीला आठ. दोन आठे सोळा, तिकोनी म्हणून त्याच्या निम्मे, ८ आर. एकूण ४० आर. ताळा घेतला. सहा आणि चार दहा, त्याचे निम्मे पाच, आठ पंचे चाळीस. जुळलं. म्हणजे ०.४० हेक्टर, जवळपास एक एकर.

मावशीचा कागद पुढं जाऊन परत आला तेव्हा त्यावर लिहिलं होतं ०.०४. कोणी मुद्दाम केलं असं आम्ही म्हणत नाही. लिहिताना शून्य इकडचं तिकडं झालं असेल. पण ०.०४ म्हणजे चार आर. एका शून्यानं छत्तीस आर गिळले! मावशीला सही येत नाही, पण आठाचा पाढा येतो. तिनं कागद वाचायला लावला आणि म्हणाली, "बाबा, आठ पंचे चार कधीपासून झालं?" सगळे गप्प. आम्ही नकाशा पुढं ठेवला, दोऱ्यांचा हिशेब ठेवला, पंचांच्या सह्या दाखवल्या. आकडा दुरुस्त झाला.

पाढा नसता तर मावशीनं अंगठा दिला असता. मग पट्टा चार आरांचा आला असता आणि उरलेल्या छत्तीस आरांत नाचणी लावली तर तिलाच अतिक्रमणदार म्हटलं असतं.

म्हणून आमचं सांगणं थोडकंच आहे. प्रत्येक वाडीवर एक दोरी ठेवा. माप घेताना शेजारचा बांधकरी आणि समितीची माणसं बरोबर घ्या, बाया पाहिजेतच, कारण कुठला कोपरा कोण खुरपतं ते त्यांनाच ठाऊक. नकाशावर झाड, ओढा, दगड दाखवा. आकडा अंकातही लिहा आणि अक्षरातही लिहा, म्हणजे शून्य सरकणार नाही. कागदाची एक प्रत घरात ठेवा. ग्रामसभेचा ठराव किंवा वरच्या समितीचा निर्णय मान्य नसेल तर साठ दिवसांच्या आत अपील करता येतं, ते दिवसही मोजा. आणि आहे त्यापेक्षा एक आरसुद्धा जास्त लिहू नका. एका खोट्या आकड्यानं दहा खरे दावे संशयात येतात.

ज्यांना पाढे येत नाहीत त्यांनी लाजू नये. आम्हीही लाजत होतो. पुढच्या बैठकीला येताना दहापर्यंतचे पाढे आणि दहा मीटर दोरी घेऊन या. जमीन आपण कसली, आता मोजूही आपणच.

जिंदाबाद!