हिशेबात न आलेली माणसे
(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात दिलेले भाषण)



मी बँकेत लिपिक आहे. शिक्षण कला शाखेचे. दहावीला गणितात काठावर पास झालो, तेव्हाच त्या विषयाला दुरून नमस्कार केला. असा मनुष्य चाळिशी ओलांडल्यावर महाविद्यालयात जाऊन उपयोजित संख्याशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमाला का बसला, हे सांगण्यासाठी मी उभा आहे. त्यामागे माझी एक चूक आहे आणि ती याच सभागृहात घडली आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या अभ्यासिकेचा अहवाल लिहिण्याचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे दिले. बँकेतला माणूस आकड्यांत चुकायचा नाही, असा सर्वांचा विश्वास. दहावीला बसलेली मुले 40, पास झालेली 34. निकाल 85 टक्के. मी आकडा वाचला, टाळ्या पडल्या. निकाल एवढा चांगला आहे तर दहावीसाठी संध्याकाळचा जादा वर्ग कशाला, असे ठरले आणि ती रक्कम सभागृहाच्या फरशीला गेली. आपण बसला आहात ती हीच फरशी.

पुढे बँकेत पदोन्नतीच्या परीक्षेची तयारी करताना तक्ते आणि टक्केवारीचे प्रश्न जमेनात, म्हणून नाशिकमधल्याच एका महाविद्यालयात शनिवार-रविवारच्या वर्गाला नाव घातले. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो तर मुले उभी राहिली. त्यांना वाटले सर आले! मी मागच्या बाकावर जाऊन बसलो तेव्हा हशा पिकला. पहिल्या चाचणीत 20 पैकी 6 गुण मिळाले. सिग्मा नावाचे ग्रीक चिन्ह फळ्यावर आले की माझा घसा कोरडा पडे. शेवटी माझ्या मुलीच्या वयाची एक विद्यार्थिनी म्हणाली, "काका, हे चिन्ह म्हणजे नुसती बेरीज. तुम्ही बँकेत रोज करता तीच." त्या दिवसापासून भीती गेली.

मित्रांनो, या विषयात काय असते? एक साधे उदाहरण घ्या. एका गल्लीत पाच घरे आहेत. महिन्याचे उत्पन्न 8 हजार, 9 हजार, 10 हजार, 11 हजार आणि 62 हजार. बेरीज एक लाख, सरासरी 20 हजार. कागदावर गल्ली सुखवस्तू झाली. पण 20 हजार मिळवणारे घर त्या गल्लीत एकही नाही. तेच आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला घेतला, ज्याला मध्यक म्हणतात, तर तो येतो 10 हजार. गल्लीची खरी स्थिती तो सांगतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारी चार घरे आणि त्यांच्यामध्ये बँकेत नोकरी करणारा एक, अशी ही गल्ली समजा. तो 62 हजारवाला म्हणजे माझ्यासारखाच कोणीतरी. आपल्यातल्या चार-दोन नोकरदारांमुळे समाजाची सरासरी फुगते आणि खालची चार घरे तिच्याखाली झाकली जातात.

मग एका रविवारी नमुना निवडीचा पाठ झाला. सरांनी सांगितले, कोणतीही टक्केवारी हाती आली की आधी विचारा, यात कोण मोजले गेले नाही? माझ्या अंगावर काटा आला. मी परीक्षेला बसलेली 40 मुले मोजली होती. बसलीच नाहीत ती?

घरी आल्यावर अभ्यासिकेची जुनी हजेरी काढली. त्याच तुकडीत आठवीला 60 नावे होती. वीस नावे मधेच गळाली होती. महिनाभर सुट्टीच्या दिवशी मी त्या वीस घरी फिरलो. पाच जण दुसरीकडे राहायला जाऊन तिथे दहावी पास झाले होते. उरलेल्या पंधरांनी शाळा सोडली होती आणि त्यांत अकरा मुली होत्या. म्हणजे 60 पैकी 39 पास, निकाल 65 टक्के. यातली एक मुलगी पिंपळगावकडे द्राक्षांच्या पॅकिंगला जाते. ती मला म्हणाली, "काका, तेव्हा कोणी विचारायला आलंच नाही." माझ्याकडे उत्तर नव्हते. माझी बेरीज बरोबर होती, भागाकार बरोबर होता, फक्त माणसे चुकली होती.

बाबासाहेबांनी 1918 साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा लहान म्हणून शेती तोट्याची, असे तेव्हा सरसकट म्हटले जाई. बाबासाहेबांनी दाखवले की नुसता एकराचा आकडा काही सांगत नाही. त्या जमिनीवर भांडवल किती, राबणारे हात किती, हे शेजारी ठेवल्याशिवाय तिला लहान किंवा मोठी म्हणता येत नाही. धर्मानंद कोसंबी आपल्याला बौद्ध वाङ्मयाचे अभ्यासक म्हणून परिचित आहेत. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी गणिताचे प्राध्यापक. त्यांनी तक्षशिलेला सापडलेली आहत नाणी तराजूत तोलली. नाणे हातोहात फिरले की झिजते. जितके अधिक फिरले तितके सरासरी वजन कमी आणि नाण्यानाण्यांतला फरक जास्त. एवढ्या साध्या नियमावरून त्यांनी नाण्यांचा काळक्रम लावायची वाट दाखवली. रोज नाणी मोजणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून नवल वाटले.

आता आपल्या अभिमानाचा एक आकडा तपासू. 2011 च्या जनगणनेत देशातील बौद्धांची साक्षरता सुमारे 81 टक्के आणि देशाची सुमारे 73 टक्के. आपण आठ अंकांनी पुढे, असे भाषणांत सांगितले जाते. परंतु देशातील सुमारे 84 लाख बौद्धांपैकी सुमारे 65 लाख महाराष्ट्रात आहेत. मग तुलनाही महाराष्ट्राशीच हवी. राज्याची साक्षरता सुमारे 82 टक्के, राज्यातील बौद्धांची सुमारे 83. म्हणजे आघाडी एका अंकाची. ज्या समाजाला शाळेच्या दाराबाहेर बसवले गेले, त्याच्यासाठी हा एक अंकही मोठा पराक्रम आहे. पण साक्षर म्हणजे समजून लिहिता-वाचता येणारा. दहावीच्या आधी गळालेल्या त्या पंधरा मुलांचीही गणना त्यात साक्षर म्हणूनच होणार.

मी कार्यकारिणीसमोर जुना अहवाल चुकला असे लेखी दिले. कोणी रागावले नाही. यंदाच्या जूनपासून संध्याकाळचा जादा वर्ग सुरू झाला आहे आणि त्या अकरा मुलींपैकी चौघींनी दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. चार हा आकडा लहान आहे, परंतु या वेळी तो घरोघर जाऊन मोजलेला आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. हा विषय आपला नाही असे म्हणू नका. योजना, शिष्यवृत्त्या, राखीव जागा, सारे काही आकड्यांवर ठरते. आपले आकडे आपल्याला वाचता आले नाहीत तर दुसरे कोणी वाचून दाखवील तेच आपण खरे मानू. मी शेवटच्या परीक्षेत 50 पैकी 31 गुण मिळवले. तुम्ही माझ्यापेक्षा नक्कीच जास्त मिळवाल.