माथेरानची गाडी, वरळीची खोली



शाळेच्या सहलीत नेरळला पकडलेली माथेरानची गाडी मी पुढे बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत धावती केली. खऱ्या रुळांतलं अंतर 2 फूट, माझ्या रुळांतलं 9 मिलिमीटर. म्हणजे सुमारे 68 पट लहान. त्या मापाने 21 किलोमीटरचा मार्गही 300 मीटरांहून थोडा जास्त होतो! म्हणून फक्त जुम्मापट्टीजवळची वळणं घेतली. रात्री फळी खाटेखाली जायची.

वरळीच्या खाऱ्या हवेने रूळ काळवंडत, वीज चाकांपर्यंत पोचत नसे, इंजिन अडे. शेजारची पोरं रोज स्पिरिटच्या फडक्याने रूळ पुसायची.

आता टॉवरमध्ये 500 चौरस फूट मिळाले. फळी कायमची मांडली, पण पोरं पांगली आणि गाडी वळणावर थांबते. रविवारी या. फडकी तयार आहेत.