लेखणी लेखकाची, खिळे कुणाचे?



लेखकाच्या स्वातंत्र्याची चर्चा बहुधा त्याने काय लिहावे या प्रश्नापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. लिहिलेले ज्या साधनाने वाचकापर्यंत पोचते, ते साधन कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न मागेच राहतो. हत्याराच्या मालकीचा प्रश्न कामगाराच्या संदर्भात नेहमी विचारला जातो. लेखकाच्या संदर्भात क्वचितच. म्हणून डोनाल्ड क्नुथ या अमेरिकन ग्रंथकाराची हकिगत विचारात घेण्याजोगी आहे.

क्नुथ हे स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक होते. संगणकाच्या आज्ञावली कशा रचाव्यात, या विषयावरील त्यांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९६८ साली निघाला. तेव्हा मजकूर शिशाच्या खिळ्यांनी जुळविला जाई आणि गणिताची अवघड सूत्रे कुशल जुळारी नीट बसवीत. पुढे ही कला महाग ठरली आणि छायाचित्रणाच्या तत्त्वावर चालणारी जुळणी आली. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते हाती आली, तेव्हा त्यांतील अक्षरे पाहून क्नुथ निराश झाले. मजकूर त्यांचाच होता. साधन मात्र बदलले होते.

अशा वेळी लेखक तक्रार करतो किंवा निमूटपणे सही करतो. क्नुथ यांनी अक्षरजुळणीची आज्ञावली स्वतःच लिहावयास घेतली. वर्षभराच्या रजेत काम संपेल, असा त्यांचा अंदाज होता. लागली सुमारे दहा वर्षे. त्यांतून ‘टेक्’ ही आज्ञावली निर्माण झाली. ओळ कोठे तोडावी हे ठरविताना ती सबंध परिच्छेदाचा विचार करते. अक्षरांचे आकार घडविण्यासाठी त्यांनी ‘मेटाफाँट’ निर्माण केली. १९८१ साली तो दुसरा खंड लेखकाच्याच साधनाने जुळवून प्रसिद्ध झाला.

परंतु खरे महत्त्व यापुढच्या कृतीला आहे. क्नुथ यांनी हे साधन तिजोरीत ठेवले नाही. १९८६ साली ‘टेक्’ची संपूर्ण आज्ञावली त्यांनी पुस्तकरूपाने छापली. ती कोणीही वापरावी, तीत बदलही करावेत. बदललेल्या आज्ञावलीला मात्र ‘टेक्’ म्हणू नये, एवढीच अट. चूक दाखविणाऱ्याला ते पदरचे बक्षीस देत.

याची किंमतही पाहिली पाहिजे. मूळ ग्रंथमाला रखडली. चौथ्या खंडाचा पहिला भाग पूर्ण ग्रंथ म्हणून २०११ साली आला. शिवाय पाठीशी विद्यापीठाचे वेतन आणि संगणक होते. प्रत्येक लेखकाने आपला छापखाना घडवावा, हा बोध येथे निघत नाही. एकाने घडविलेले साधन सर्वांचे राहावे, हा निघतो.

मराठीशी या गोष्टीचा संबंध जवळचा आहे. १९९१ साली नेदरलंड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठातील फ्रान्स वेल्थुइस यांनी ‘टेक्’साठी देवनागरी अक्षरे तयार केली. साधन खुले असल्यामुळेच हे शक्य झाले. उलट आपल्या छापखान्यांत संगणक आला, तेव्हा कंपनीगणिक अक्षरांचे संकेत वेगळे होते. एका कंपनीच्या अक्षरांत जुळविलेला मजकूर दुसरीच्या अक्षरांत उघडला, की पडद्यावर अर्थहीन खुणा उमटत. ग्रंथ लेखकाचा, परंतु त्याची किल्ली विक्रेत्याच्या खिशात! युनिकोडने १९९१ साली देवनागरीला सामायिक संकेत दिला. पण जुन्या संकेतांत अडकलेला मजकूर रूपांतर केल्याशिवाय वाचता येत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. जनतेच्या पैशातून भाषेसाठी जे साधन निर्माण होईल, ते जनतेला खुले असले पाहिजे: नुसते वापरण्यास नव्हे, तर उघडून पाहण्यास आणि सुधारण्यास. भाषा कोणाची मक्तेदारी नाही; तिची अक्षरेही कोणाची असता कामा नयेत.