इंजिनने हवा धरली, आता काय करावे?



गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. त्या वेळचे पाणी चुकले तर फुटवे कमी येतात आणि ती तूट पुढे भरून निघत नाही. नेमकी त्याच वेळी वीज नसते, म्हणून विहिरीवर, शेततळ्यावर किंवा अंबड-घनसावंगीकडे गोदाकाठी आपण डिझेल इंजिन बसवतो. बरेच दिवस बंद होते म्हणून टाकी धुतो, फिल्टर बदलतो. मग हँडल मारून मारून खांदे भरून येतात, पण इंजिन काही सुरू होत नाही. “साफ करायच्या आधी तर चालत होतं!” असे आपण म्हणतो आणि मिस्त्रीकडे माणूस धाडतो. त्यात दोन दिवस जातात.

डिझेलच्या कामानंतर इंजिन सुरू झाले नाही तर पहिला संशय हवेवर घ्यावा. पाण्याच्या पंपाचे आपल्याला ठाऊकच आहे. सक्शन पाइपात हवा राहिली तर पाणी चढत नाही, पंप आधी भरावा लागतो. इंजिनचेही तसेच आहे. नोझल उघडायला डिझेलचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २०० किलो लागतो. नळीत हवा असली की पंपाच्या दट्ट्याने हवाच दबते आणि पुन्हा फुगते. नोझल उघडतच नाही.

आधी धूर पाहा. हँडल मारताना सायलेन्सरमधून धूर मुळीच येत नसेल तर सिलिंडरमध्ये डिझेल पोचत नाही असे समजावे. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचते, पण जळत नाही. तेव्हा कॉम्प्रेशन कमी आहे का किंवा डिझेलमध्ये पाणी आहे का, ते पाहावे. थोडे डिझेल काचेच्या बाटलीत अर्धा तास ठेवा. पाणी असेल तर तळाशी बसते.

टाकी इंजिनच्या वर असलेल्या एका सिलिंडरच्या इंजिनची हवा अशी काढावी. पाटाचे पाणी जसे वरून खाली येते, त्याच क्रमाने टाकीकडून नोझलकडे जावे.

१. टाकी निम्मी तरी भरा. कॉक उघडा आहे ना आणि झाकणाचे बारीक छिद्र बुजलेले नाही ना, ते पाहा.

२. फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू एक-दीड आटा सैल करा. आधी फेस येईल. बुडबुडे थांबून सलग धार लागली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. धारच आली नाही तर कॉक किंवा नळी तुंबली आहे.

३. फ्यूएल पंपावरच्या स्क्रूचेही असेच करा.

४. बंद करण्याचा लिव्हर चालू बाजूला ठेवा. नोझलकडचा नळीचा नट एक आटा सैल करा. हेडवरचा कॉम्प्रेशन सोडण्याचा लिव्हर उचलून हँडल फिरवा. बुडबुड्याविना डिझेल आले की नट आवळा.

५. पुन्हा तसेच फिरवून कान द्या. नोझलमधून ‘कर्र कर्र’ आवाज आला की डिझेल पोचले. आता इंजिन सुरू करा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, म्हणजे उलटा झटका बसला तर अंगठा सापडणार नाही.

इंजिन मिनिटभर चालून पुन्हा बंद पडले तर कुठला तरी सांधा सैल आहे. सगळे सांधे कोरडे पुसा. जिथे ओल दिसेल तिथले तांब्याचे वॉशर बदला. फिल्टरचे जुने वॉशर खाचेत चिकटून राहते आणि त्यावर नवे बसवले जाते, तेही बघा. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा वापरू नका. पुसायला कापूस किंवा सुटे दोरे निघणारी चिंधी घेऊ नका. आपल्याकडे कापूस मुबलक आहे, पण त्याचा एक तंतू नळीत गेला तरी काम वाढते.

आता तीन गोष्टी मुळीच करू नका. एक, हवा आत जाते तिथे पेटता बोळा किंवा पेट्रोल देऊ नका. जवळ बिडीही नको. दोन, नोझल बाहेर काढून त्याच्या फवाऱ्यापुढे हात धरू नका. तो फवारा कातडीतून आत घुसतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा आणि दाबाचे डिझेल आत गेले, हे डॉक्टरांना सांगा. तीन, फ्यूएल पंप शेतात खोलू नका. एवढे करूनही इंजिन चालले नाही तर मात्र मिस्त्री बोलवावा.

फिल्टरचे काम पाणी द्यायच्या दिवशी काढू नका, आठ दिवस आधीच उरका. पाना आणि दोन जादा वॉशर इंजिनपाशी ठेवा. मग गव्हाचे पाणी चुकणार नाही.